मुठीतलं बूच

दुकान बंद करून आले आणि कांदे आणायला म्हणून तळघरात उतरले, तर समोर एक अनोळखी माणूस! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय अनवाणी, आणि हातात... माझ्या बाबांची वाइनची बाटली.

“चोर!” मी ओरडले. म्हणजे ओरडायचं होतं. प्रत्यक्षात गळ्यातून उंदराएवढा आवाज निघाला.

त्याने बाटली तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि घाईघाईने म्हणाला, “चोर असतो तर लेबल चिकटवत बसलो असतो का?”

“मग कोण आहात?”

“तुमच्या खालच्या मजल्यावरचा. परवाच राहायला आलोय. माझ्या वॉशिंग मशीनची नळी निसटली आणि पाणी इथे... म्हणजे सगळं पाणी इथेच आलं. पण काळजी करू नका हं! मी सगळं पूर्ववत केलंय.”

आणि खरंच. फरशी कोरडी ठणठणीत, फळ्या पुसलेल्या, आणि बाबांच्या बाटल्या नव्या कपड्यांत शाळेला निघालेल्या पोरांसारख्या ओळीने आडव्या. पाण्यात लेबलं सुटून तरंगत होती म्हणे. त्याने ती एकेक करून उचलली, टिपकागदात दाबून सुकवली आणि परत चिकटवली. एकाही लेबलाला सुरकुती नाही, की बुडबुडा नाही.

“इतकं सुबक कसं जमलं?”

“बुकबाइंडर आहे,” तो लाजत म्हणाला. “चिकटवणं हाच धंदा.”

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचं, हा माझा धंदा. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची मला सवय आहे, त्यात काही वाटत नाही. पण त्या दिवशी मीच आधी नजर वळवली आणि कांदे न घेताच वर आले.

बाबा आत्याकडून परतले तेव्हा मी मोठ्या कौतुकाने त्यांना खाली नेलं. तोही हात धुऊन, केस विंचरून हजर. बाबांनी फळीवरून नजर फिरवली. मग एक बाटली उचलून दिव्यासमोर धरली. मग दुसरी. मग तिसरी.

“हे लेबल या बाटलीवर कसं आलं?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“ते... मापं बघून लावली, काका. उंच बाटलीला उंच लेबल, बुटक्या बाटलीला रुंद. डोळ्याला बरं दिसेल असं.”

पुस्तक बांधणाऱ्या माणसाने कव्हर शोभतंय ना एवढंच पाहिलं होतं. आत कुठलं पुस्तक आहे ते पाहिलंच नव्हतं!

बाबांनी आयुष्यभर एका मोठ्या हॉटेलात लोकांच्या ग्लासात वाइन ओतली. स्वतःसाठी एकेक बाटली जमवली, तळघरात निजवली, आणि कधीच उघडली नाही. ‘योग्य दिवस’ यायचा होता. त्या बाटल्यांत एक आईची होती. माझ्या जन्माच्या वर्षीची. आईने स्वतः निवडलेली, आणि लेबलाच्या कोपऱ्यात तिने शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पोरीच्या लग्नाला’. मी शाळेत असताना आई गेली. तेव्हापासून बाबा अधूनमधून खाली जायचे आणि त्या बाटलीवरची धूळ पुसून यायचे. एवढंच.

आता ते लेबल होतं. शिसपेन्सिलीची अक्षरंही तशीच्या तशी होती. फक्त त्यामागच्या बाटलीतून दिवा स्वच्छ पिवळा दिसत होता. आईची वाइन लाल होती. आणि फळीवर लाल वाइनच्या सारख्याच दिसणाऱ्या बाटल्या भरपूर होत्या.

बाबा ओरडले नाहीत. ते तळघराच्या पायरीवर बसले, नुसतेच. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

“काका, मी काय करू?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाबा म्हणाले, “बुचावर नाव-वर्ष छापलेलं असतं. पण त्यासाठी बूच काढावं लागतं. आणि काढलं की प्यावी लागते.” मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “दर रविवारी दुपारी जेवायला यायचं. एक बाटली उघडायची. आधी चाखून ओळखायची, मग बूच बघायचं. हिच्या आईची बाटली सापडेपर्यंत ही तुमची शिक्षा, डिंकराव.”

डिंकराव! तेच नाव पडलं. मला हसू आवरेना, आणि त्याने चोरून माझ्याकडे पाहिलं ते मलाही दिसलं.

रविवारचा रिवाज ठरून गेला. आम्ही दोघांनी खाली जाऊन हाताला लागेल ती लाल वाइनची बाटली हलू न देता आणायची. बाबांनी बूच काढायचं आणि लगेच मुठीत झाकायचं. जेवण होईपर्यंत ती मूठ उघडायची नाही. आम्ही ग्लास तिरपा करून पांढऱ्या टेबलक्लॉथवर रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि बोलायचं.

“खोटं बोलायचं नाही,” बाबा म्हणाले. “हॉटेलात लोक कुठेतरी ऐकलेलं बोलायचे. तुम्ही नाकाला विचारा.”

पहिल्या रविवारी भाजलेली कोंबडी होती. डिंकरावने ग्लासात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. “रागावणार नाही ना, काका? ...माझ्या दुकानासारखा वास येतोय. चामडं, जुना कागद, आणि कोपऱ्यात कुणीतरी ठेवून विसरलेलं सफरचंद.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आता कोंबडीचा घास घ्या आणि परत प्या.”

त्याने घेतला. मीही घेतला. आणि काय सांगू... मघाची ती तुरट, आंबट वाइन पार बदलली होती! कोंबडीच्या खरपूस कातडीने तिचा राग काढून घेतला होता. आतून काहीतरी गोड, ऊबदार वर आलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडेच बघत होता, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच होतं: हे काय आहे? आपल्या पायांखाली इतकी वर्षं हे झोपलेलं होतं?

वर्ष मात्र त्याने चक्क वीस वर्षांनी चुकवलं. बाबांनी मूठ उघडून बूच नाचवलं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मोठ्याने हसताना मी ऐकलं.

त्यानंतर मशरूम आले, मासे आले, जुनं चीज आलं. एका बाटलीचा पार व्हिनेगर झाला होता. ती आम्ही सॅलडवर ओतून खाल्ली. एकीने तर घर फुलांच्या वासाने भरून टाकलं आणि अर्ध्या तासात मलूल झाली. आम्ही तिघं ग्लास धरून तिला निरोप देत बसलो. बाबा म्हणाले, “जुनी वाइन म्हाताऱ्या बाईसारखी असते. हळू बोलते. शेजारी मोठ्याने बोलणारा पदार्थ ठेवला की ती गप्पच होते.”

जुन्या बाटलीत गाळ असतो. तो तळाशीच राहावा म्हणून वाइन संथपणे काचेच्या सुरईत ओतायची आणि बाटलीच्या मानेखाली दिवा धरून बघत राहायचं. ओतायचं काम माझं, दिवा त्याचा. आमची डोकी जवळ यायची. बाटलीची मान दिव्याने माणकासारखी पेटायची, आणि त्या उजेडात त्याची पापणीन् पापणी दिसायची.

“गाळ आला का?” मी कुजबुजायची.

“अजून नाही.”

“नीट बघताय ना?”

“बघतोय...”

“बाटलीकडे बघा, डिंकराव!”

“बाटलीकडेच बघत होतो हो. मध्ये तुम्ही आलात, त्याला मी काय करणार?”

बाबा स्वयंपाकघरातून खाकरायचे. मग गाळ हमखास सुरईत जायचा.

असे रविवार जात होते आणि माझं मन मात्र दिवसेंदिवस चोर होत चाललं होतं. प्रत्येक बुचागणिक बाबा आशेने मूठ उघडायचे. आईची बाटली नसली की त्यांचा चेहरा जरा उतरायचा, आणि माझा जीव भांड्यात पडायचा! कारण ती सापडली की शिक्षा संपली. शिक्षा संपली की तो कशाला येईल? आईची शेवटची वस्तू सापडू नये असं वाटणारी मी कसली मुलगी? या विचाराने मला झोप लागत नसे, आणि रविवारी पुन्हा तेच वाटे.

एकदा तळघरात बाटली निवडताना त्याचा हात फळीवर थबकला.

“कोणती घेऊ?” त्याने विचारलं. “सापडावी असं वाटतं. काकांसाठी. मी केलेली चूक आहे... आणि तरी, हात पुढे जात नाही.”

“का?”

“तुम्ही दिवसभर लोकांचे डोळे तपासता. एवढं दिसत नाही?”

मी फळीवरच्या बाटल्या मोजल्यासारखं केलं. तो हळूच म्हणाला, “जाऊ दे. ही घेऊ,” आणि बाटली उचलून जिना चढू लागला.

त्या दिवशी जेवणाचाही बोऱ्या वाजला होता. ओव्हन बिघडला, म्हणून नुसते उकडलेले बटाटे, लोणी, मीठ आणि पाव. मी आणि तो सालं काढत बसलो. मघाच्या त्या बोलण्याची लाज झाकायला मी भांडण उकरून काढलं.

“सालाबरोबर अर्धा बटाटा काढताय तुम्ही.”

“आणि तुम्ही साल ठेवूनच पुढे जाताय. चष्मा लावा.”

“दुकानात या, तुमचाच नंबर काढते.”

बाबा आमच्याकडे पाठ करून बूच काढत होते. बूच निघाल्याचा आवाज आला. नेहमीसारखाच. मग ते जरा जास्तच वेळ तसेच उभे राहिले. वळले तेव्हा मूठ मिटलेली होती. आज त्यांनी सुरई स्वतः पुढ्यात ठेवली, दिवा स्वतः धरला आणि इतक्या सावकाश ओतलं की गाळाचा एक कण वर आला नाही.

वाइनचा रंग लाल म्हणावा असा उरलाच नव्हता. मध्ये डाळिंबाचा, कडेला जुन्या विटेचा. मी ग्लास नाकाशी नेला.

सुकलेली गुलाबं. ओली पानं. कपाटातली कुणाची तरी घडी केलेली साडी, जिचा वास आपल्याला ओळखीचा आहे आणि नाव आठवत नाही. मी घोट घेतला आणि तो जिभेवर जवळजवळ वजनच नसल्यासारखा पसरला, आणि गिळल्यावरही संपेना. बटाट्याचा साधा घास, वर वितळलेलं लोणी, आणि पुन्हा घोट... माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं अंधारात पडून एखादी गोष्ट अशी मऊ होऊ शकते? कुणी बघत नसताना, कुणी काही करत नसताना?

डिंकराव हळूच म्हणाला, “तू... तू चाखलीस?”

तू. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं. बाबांच्याही.

“सांगा डिंकराव,” बाबा म्हणाले. “कुठली? कुठल्या वर्षीची?”

“नाही सांगता येत, काका. आज नाक काहीच बोलत नाही.” त्याने ग्लास अलगद खाली ठेवला. “ही कुणीतरी कुणासाठी तरी ठेवलेली आहे, एवढंच वाटतंय.”

बाबांनी हात पुढे केला आणि माझ्या तळहातावर मूठ उघडली. बूच काळपट, ओलं, त्यांच्या हाताने गरम झालेलं. त्यावरचं वर्ष माझ्या जन्माचं होतं.

“बाबा!” मला रडूच फुटलं. “ही लग्नासाठी होती. आईने लिहिलं होतं. तुम्ही ओतलीत कशाला? थांबवायचं होतंत ना...”

“बूच बघितलं,” बाबा म्हणाले. “वाटलं, परत बसवावं. पण निघालेलं बूच परत बसत नाही, पोरी. मग वाटलं, हा काय दिवस आहे? ओव्हन बंद, ताटात बटाटे. हॉटेलात मी किती लग्नं पाहिली! उत्तमातली उत्तम वाइन ओतली, आणि कुणाचं लक्ष तिच्याकडे नाही. सगळे फोटोत. म्हणून मी मागे वळून पाहिलं. तुम्ही दोघं सालांवरून भांडत होतात. तुझी आई आणि मी असेच भांडायचो.” त्यांनी डोळे पुसले. “म्हटलं, दिवस बरोबर आहे.”

डिंकराव उठून उभा राहिला. खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली होती.

“म्हणजे... शिक्षा संपली, काका?”

“संपली.”

मी ते बूच इतकं आवळलं की तळहातावर वळ उठला. आता नाही बोलले तर हा माणूस नेहमीसारखा ताट विसळेल, आभार मानेल आणि खाली निघून जाईल, हे मला लख्ख दिसत होतं.

“बस खाली,” मी म्हणाले. माझाही ‘तुम्ही’ गळून पडला होता. “पुढच्या रविवारी यायचं. त्याच्या पुढच्याही. शिक्षा म्हणून नाही... मला तू हवा आहेस म्हणून.”

तो बसला. बसला म्हणजे खुर्चीत कोसळलाच. “मी पहिल्या दिवशीच कांदे घेऊन वर येणार होतो,” तो म्हणाला. “तू विसरून गेली होतीस. जिन्यातून तीनदा परत फिरलो... आवडलीस ना, म्हणून धीरच होईना.”

बाबांनी तिन्ही ग्लासांत उरलेली वाइन वाटून दिली. आईच्या वाट्याची म्हणून थोडी सुरईत राहू दिली.

“पण काका,” डिंकराव जरा वेळाने घाबरत म्हणाला, “त्यांचं लेबल अजून त्या पांढऱ्या वाइनच्या बाटलीवरच आहे. वाफेवर धरून काढू? सुटेल अलगद.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“काढू नकोस,” ते म्हणाले. “लग्नाला तीच उघडू.”

“आत काय आहे, माहीत नाही पण...”

“तुम्हा दोघांना तरी एकमेकांच्या आत काय आहे ते कुठे माहीत आहे?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी बटाट्यांची परात त्याच्याकडे सरकवली.