टेकडीचा श्वास

पाइपाने पिटुकलीचा रुमाल गिळला तेव्हा चौकशी हातभर अंतरावर उभी होती, म्हणून तिला ते दिसलं. नाहीतर 'रुमाल हरवला' एवढ्यावरच भागलं असतं.

टेकडीच्या उतारावर तो लोखंडी पाइप जमिनीतून गुडघ्याएवढा वर आला होता. खडकातला सोन्याचा पट्टा खाली कुठवर जातो ते बघायला खाणीवाल्यांनी अशी बरीच भोकं पाडली होती. बाकीच्यांना झाकणं होती. याचं झाकण गवतात लोळत होतं. पिटुकलीने ओला रुमाल पाइपावर वाळत घातला. रुमाल मधोमध दबला, चारी टोकं वर उचलली गेली आणि तो सरकत आत गेला. सावकाश. कुणी आतून ओढून घ्यावा तसा.

"त्याने घेतला," पिटुकली म्हणाली.

"कुणी?"

"आतल्याने."

"वाऱ्याने गेला असेल," वकील म्हणाला. हा पिटुकलीचा मोठा भाऊ. वाद घालायचा सोडत नसे, म्हणून वकील. जिंकलेला मात्र एकही नव्हता.

"वारा वरून खाली, भोकात?" चौकशीने विचारलं. ती या दोघांची मावसबहीण. तिच्या नावाचा खुलासा करायची गरज कुणालाच पडत नसे.

"मग वाऱ्याने तुला विचारून जायचं का?"

चौकशीने पाइपाच्या तोंडावर तळहात धरला. हात खाली ओढला गेला. तिने तो घाईघाईने काढून घेतला आणि फ्रॉकला पुसला.

सुट्टीला तिघंही मावशीकडे आली होती. मावशी खाणीत भुयाराची देखरेख करायची. खाण छोटीच, म्हणजे टेकडीत एक भुयार, एक ऑफिस, एक शेड आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं. भुयारात मुलांना बंदी होती. बाकी सगळं मोकळं.

तेवढ्यात बोअरवाले काका खालून आले. ही भोकं त्यांच्याच मशीनने पाडलेली. "तिथं काय करताय रे? निघा. काही नाही तिथं. वरपासून खालपर्यंत अख्खा दगड आहे."

"काका, मग हा ओढतो कसा?"

"दगड कधी ओढतो का, बाळ?" काका हसले. पण झाकण उचलायला ते पाइपाजवळ आले नाहीत. लांबून, वळसा घालून गेले. पायवाट सरळ होती आणि काकांचे गुडघे दुखरे होते. असा माणूस उगाच लांबची वाट धरत नाही, हे चौकशीने मनात टिपून ठेवलं.

दुपारी आभाळ भरून आलं. मुलं शेडमध्ये होती. भोकातून मशीनने काढलेल्या खडकाच्या गोल कांड्या तिथे लांब पेट्यांमध्ये ओळीने ठेवलेल्या असत. पेट्यांची रांगच रांग, वर एक मिणमिणता दिवा. आणि बाहेरून आवाज येऊ लागला. आजारी माणूस कण्हतो तसा. थांबायचा, मग पुन्हा.

"गाय असेल," वकील म्हणाला, आणि चौकशीच्या जवळ सरकला.

चौकशी बाहेर गेली. पाइपच कण्हत होता. तिने हात धरला. आता हवा बाहेर येत होती, गार, ओल्या तळघराच्या वासाची. सकाळी आत घेतलेली हवा टेकडी परत सोडत होती.

"तोंड केवढंसं," ती परत येऊन म्हणाली, "आणि श्वास केवढा लांब. पोट किती मोठं असेल?"

"अख्ख्या दगडाला पोट नसतं."

"तेच म्हणते मी. या भोकाची पेटी कुठंय?"

पेटी सापडली. कांड्या भरगच्च, कुठे रिकामी जागा नाही. खडकात पोकळी लागली तर तेवढ्या जागी लाकडी ठोकळा ठेवायचा, असा नियम मावशीने पहिल्याच दिवशी सांगितला होता. इथे एकही ठोकळा नव्हता. वकिलाचा चेहरा उजळला. आयुष्यातला पहिला खटला तो जिंकणार होता.

पिटुकलीने मात्र खेळ मांडला. तुटलेली कांडी मोडल्या बिस्किटासारखी असते. एकीचं टोक दुसरीत नेमकं बसतं. ती टोकं जुळवत पुढे सरकत गेली आणि मध्येच अडली.

"ही हिची नाही. हीपण नाही. यांचं कुणाशीच जमत नाही."

चौकशी वाकली. तेवढ्या भागातल्या कांड्या रंगानेही उजळ होत्या. दुसरीकडून आणून भरलेल्या.

मावशीचं एक बोलणं तिला आठवलं: जुन्या, विसरलेल्या पोकळीत हवा मेलेली असते. धोक्याचा वास नाही, धूर नाही. माणूस दमलो म्हणून खाली बसतो आणि उठत नाही. आज भुयाराच्या टोकाला सुरुंग लागायचा होता, याच पाइपाच्या खाली. भिंत फुटली की ती हवा भुयारात शिरणार. आणि मावशी आत होती.

ऑफिसात साहेब चहा ढवळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे कपाकडे बघत ऐकलं.

"टेकडी श्वास घेते," ते म्हणाले. "उद्या शिंकेलसुद्धा. बोअरवाल्यांनी अख्खा दगड लिहून दिलाय. सुट्टी आहे, खेळा."

"साहेब, एक फोन करा ना आत. मावशीला थांबवा."

"पोरांच्या भुतासाठी काम थांबवू?"

तिघं बाहेर आली. चौकशीने धुण्याच्या जागेकडे पाहिलं. दोरीवर मावशीचा पिवळा रबरी हातमोजा लटकत होता.

"भूत म्हणाले ना," ती म्हणाली. "दाखवू या."

मोजा पाइपाच्या तोंडावर ओढून तिने तारेने आवळला. वकील पळत गेला आणि बोअरवाल्या काकांना म्हणाला, "काका, तुमच्या भोकातून कुणीतरी हात वर काढतंय." एवढंच. साहेबांनी खिडकीतून ऐकलं आणि वैतागून तेही निघाले.

काळ्या ढगांखाली मोजा आधी मेल्यासारखा लोंबत होता. मग अंगठा फुगला. करंगळी हलली. एकेक बोट भरत गेलं, मनगट ताठ झालं, आणि जमिनीतून वर आलेला तो पिवळा पंजा थरथरत त्यांच्याकडे वळला. खालून कण्हणं चालूच होतं.

काका दोन पावलं मागे सरले. "मी सांगतो, साहेब. मी सांगतो. मशीन एकदम खाली गेलं. दगडच नव्हता. नवा बिट, म्हणजे मशीनचं खोदायचं टोक, आत पडला, तुम्ही ओरडाल म्हणून मी दुसऱ्या कांड्या घालून पेटी भरली."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी माणूस हिशेबाचा, पुरावा हवाच. चौकशीने आणलेली काचेची बरणी त्यांनी मोजा काढून पाइपावर उपडी धरली, झाकली, लांब नेली, सुलटी केली आणि जळती काडी आत सोडली. काडी बरणीच्या काठाखाली जाताच विझली. दुसरीही.

तिसरी त्यांनी पेटवली नाही. ते ऑफिसकडे धावले. साहेबांना धावताना खाणीत कुणी पाहिलं नव्हतं.

भुयारातला फोन वाजत राहिला, मग कुणीतरी उचलला. चौकशी भुयाराच्या तोंडाशी उभी राहून काळोखात बघत होती. आत खूप खोल एक दिवा दिसला, डुलत, मोठा होत. मग दुसरा. मावशी सगळ्यात शेवटी बाहेर आली, माणसं मोजून.

"सुरुंगाची वात लावायलाच घेतली होती," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून तिने हेल्मेट काढलं. तिचे केस घामाने चिकटले होते. चौकशीने तिची बाही पकडली ती सोडलीच नाही.

पुढच्या काही दिवसांत मावशीने लांबून बारीक छिद्र पाडलं, पोकळीतली हवा पंख्याने उपसली, ताजी हवा सोडली आणि मगच आत पाऊल टाकलं. ते जुन्या काळातलं खोदकाम निघालं, कुठल्याच नकाशात नसलेलं. सोन्याचा पट्टा धरूनच त्या लोकांनी खोदलं होतं आणि पाणी लागलं तिथे थांबले होते. पट्टा मात्र थांबला नव्हता. तो पाण्याखाली पुढे गेला होता, चांगला जाड.

"म्हणजे ज्या पट्ट्यासाठी आपण एवढी भोकं पाडली, त्याची वाट दाखवणारी पोकळी," मावशी काकांना म्हणाली, "तुम्ही पेटीत दगड भरून बुजवलीत." काकांनी आपल्या हाताने पेटीत ठोकळे बसवले.

साहेबांनी सगळ्यांना जमवून मुलांची पाठ थोपटली. "मी यांना खेळा म्हणालो होतो," ते म्हणाले. "यांनी माझी माणसं वाचवली. यापुढे कुणी पोर काही विचारायला आलं तर मी आधी चहा बाजूला ठेवीन." वकिलाने हे वाक्य साहेबांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी मावशी चौकशीजवळ बसली. "तू नसतीस तर मी आज इथे नसते," ती म्हणाली. "विचार, काय विचारायचंय ते. आज सगळी उत्तरं देते."

चौकशीने टेकडीकडे पाहिलं. "आत कुणी होतं का गं?"

"चिखलात पावलं होती. अनवाणी. काल उमटल्यासारखी."

"आणि ती माणसं?"

"मी शेवटपर्यंत बघून आले," मावशी म्हणाली. "पावलं परतीचीही होती. जेवढी आत गेली, तेवढीच बाहेर आली."