टाळ्या वाजवू नका

खोटं सांगून मला काय मिळणार? पुरावाच हवा असेल तर माझ्या धाकट्या बहिणीच्या कपाळावरची खूण बघा.

मंगळवार. भरदुपार. आमचं सरकारी नाट्यगृह.

आधी मामाचं सांगते.

मामा रंगमंचाच्या वर, माळ्यावर असायचा. पडद्यांचे लोखंडी दांडे दोरांनी खाली सोडायचा. तिथून खालचं काही दिसत नसे. म्हणून प्रयोगात इशारा दिव्याचा.

तालमीत, हॉल रिकामा असला की, टाळ्यांचा.

खालून दोन टाळ्या. वरून मामाची एक... म्हणजे ‘तयार’.

मग दांडा खाली.

दोर कुजत आले होते. नवे येईनात. "नाटकाला कशाला सरकारी पैसा?" म्हणून अनुदान बंद.

एका तालमीत दोर तुटला. दांड्याच्या तोलाची वजनं मामाच्या छातीवर आली. बरगड्या मोडल्याचा आवाज मी लाईटच्या खोलीत ऐकला. मामा जागीच गेला.

हॉलला कुलूप.

वर्षभराने, त्या मंगळवारी, अनुदान समितीचे साहेब आले. हॉल ठेवायचा की पाडायचा, त्यांच्या शब्दावर होतं. आमच्या दोघींची पोटंही.

"माईकशिवाय शेवटच्या रांगेत ऐकू जातं म्हणे?"

"मागे बसून बघा की," धाकटी म्हणाली. आणि गायली.

साहेब डोळे पुसतच रंगमंचावर आले. "हे पाडायचं? वेड लागलंय का? अनुदान मिळालं समजा!"

आणि आनंदाने टाळ्या वाजवल्या.

दोन.

"साहेब, नको!" मी ओरडले.

वरून...

एक टाळी.

दांडा आला. साहेबांचं डोकं खांद्यांत शिरलं. दात फळ्यांवर उडाले. धाकटीचं तोंड उघडंच होतं. रक्त त्यात गेलं. दांड्याचं टोक तिचं कपाळ फाडून गेलं.

तो दांडा मामा गेल्यापासून बांधलेला होता. गाठ तुटली नव्हती.

सोडली होती. नीट.

साहेबांचा शब्द समितीने पाळला. दोर गेले, दांड्यांना विजेची मोटार आली. दारावर पाटी मी लावली: टाळ्या वाजवू नका.

आता प्रयोग संपला की प्रेक्षक उभे राहतात, नुसते हात हलवतात. पाहुणे म्हणतात, "काय संस्कृती आहे!" अनुदान वाढलंय.

धाकटी मला हसते. "ताई, मामा मला कसा मारेल गं? कडेवर खेळवलंय त्याने."

"मग साहेबांनी त्याचं काय वाकडं केलं होतं?"

ती कपाळावरच्या खुणेवर पावडर लावू लागली.

काल प्रयोग संपला. धाकटी एकटीच मधोमध वाकून उभी. हॉल भरलेला. सगळे हात वर. चिडीचूप.

खालून कुणीही टाळी वाजवली नाही. शपथेवर सांगते.

वरून...

एक.

मी धावत गेले, तिला ओढून बाजूला काढलं. माळा रिकामा. दोरच नाहीत तिथे आता.

काही पडलं नाही.

अजून.

उद्या तिचा प्रयोग आहे.