रिकाम्या पिंजऱ्यातली ओ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण झुलालमामा माझे सख्खे मामा आहेत आणि थापा मारणं त्यांच्या रक्तात नाही. हे घडलं मागच्या चैत्रात, भर दुपारी, धुळ्याकडच्या रस्त्यावरच्या एका लहानशा प्राणीबागेत. बागेचं नाव मुद्दाम सांगत नाही.

मामा-मामी पिंप्राळ्याहून दोघंच गेले होते. माकडं पाहून प्रमिलामामी हसून हसून दमली.

"ज्ञानेश्वरना बाप, हाऊ तर तुमना भाऊ शे!"

मग मोर पाहिला, नीलगाय पाहिली. ऊन मी म्हणत होतं. मामी पाणी प्यायला टाकीकडे गेली. मामा तरसाच्या पिंजऱ्यापुढे थांबले.

पिंजऱ्यात काहीच दिसेना. मागे एक अंधारी खोली, बस्स.

आणि त्या खोलीतून हाक आली...

"झुलाल..."

आवाज मामीचा!

मामीने उखाण्याशिवाय उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. भलत्या हाकेला ओ देऊ नये, हे मामांना लहानपणापासून ठाऊक. पण आवाज बायकोचा होता. तोंडातून निघून गेलं...

"ओ!"

खांद्याला हात लागला. मागे मामी उभी होती, पदराने तोंड पुसत.

"चाला घर," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात राखणदार आला. "आबा, काय देखी ऱ्हायनात? तरस तर पोळाले मरी गयं. पिंजरा रिकामा शे."

दोघं एसटीने घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला...

"झुलाल, चहा."

त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर हसला. "आबा, आई मॉडर्न झाली!"

मामा हसले नाहीत. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. ते पाळत ठेवू लागले. भाजीत मीठ तेवढंच. चाल तीच. मग त्यांनी सहज माकडांचा विषय काढला.

मामी म्हणाली, "कोनता माकडं?"

शेवटी मामा कुणाला न सांगता एकटेच पुन्हा बागेत गेले. रिकाम्या पिंजऱ्यापुढे उभे राहिले आणि रोज घरात मारायचे तशी हाक मारली.

"ज्ञानेश्वरनी माय..."

आधी काहीच नाही.

मग अंधारातून...

"ओ... माले आठेच सोडी गयात ना?"

आवाज मामीचाच होता, इथेच सोडून गेल्याची तक्रार करणारा.

मामांनी राखणदाराच्या हातापाया पडून कुलूप उघडून घेतलं. आतल्या खोलीत कोपरा न् कोपरा चाचपला. वाळलेला पाला, धूळ. दुसरं काही नाही.

हे सगळं त्यांनी फक्त मला सांगितलं. सांगताना रडले. "भाचा, घरमा शे ती खरी, का तठे शे ती? मी कोनले सोडू?"

मामा अजून तिथे जातात.

मागच्या रविवारी मी पिंप्राळ्याला गेलो होतो. मामीने चहा दिला, समोर बसली आणि हळूच विचारलं...

"तुना मामा त्या पिंजराजोडे जाईसन कोनले हाक मारतस रे?"

कप माझ्या हातातच राहिला. मामा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नको, सांगू नको.

मामी माझ्याकडेच बघत होती.