अंबूची पाटी

भुताला भ्यायचं असेल तर आदर्श, तू आत्ताच उठ बाबा. ही गोष्ट भ्यायची नाही, पण ऐकून झोप यायची नाही. आमच्या बुद्धप्रियच्या बाबतीत घडलेली आहे. तो खोटं बोलणारा माणूस नव्हे. बोलायचा ते फक्त आपल्या आज्जीशी, आणि तेही एकच खोटं.

बुद्धप्रिय शिक्षण खात्यात आहे. शाळा तपासायच्या, पोरांना दोन प्रश्न विचारायचे, शेरा लिहायचा, हे त्याचं काम. गेल्या वर्षीची अठ्ठावीस फेब्रुवारी, शुक्रवार. निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर एका गावात इंग्रजांच्या काळातली कौलारू शाळा आहे, ती दुसऱ्या दिवशी पाडायची होती. गावाचं नाव विचारू नका, तिथं अजून माणसं राहतात. तर तिथली जुनी दप्तरं, म्हणजे हजेरी-निकालाच्या वह्या, आणायला हा मोटारसायकलवरून निघाला. शिपाई पाठवून भागलं असतं, पण ते त्याच्या आज्जीचं माहेर.

आज्जी म्हणजे सोनुबाई. वय एक्याण्णव, आठ दिवस अंथरुणाला खिळलेली. तिची थोरली बहीण अंबू. महारवाड्यातून शाळेत गेलेली पहिली पोरगी. व्हरांड्याच्या पायरीखाली बसून शिकायची. परीक्षा घ्यायला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी, आले, की आतली पोरं पाटी त्यांच्या हातात देत. अंबूनं मात्र ती पायरीवर ठेवायची आणि सात पावलं मागं सरायचं. का, तर विटाळ नको! एका साली आतल्यांचं होईतो दिवस मावळला आणि साहेब निघून गेले. "पाटी तपासल्याबिगर उठायचं न्हाय," असं मास्तरांनी बजावलेलं. पोर रात्रभर थंडीत बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तापात गेली. बापानं, मायाप्पानं, पाटी तिच्यासोबतच पुरली आणि धाकट्या सोनूला काही शाळेत घातलं नाही.

त्या दुपारीही सोनुबाईनं विचारलंच, "अंबू पास झाली का रं?"

"झाली की, आज्जी."

"मग पाटी कुणी बघितली?"

यावर बुद्धप्रिय नेहमी विषय बदलायचा. आज मात्र त्याला अंबूच्या सालची निकालाची वही शोधून खरं काय ते सांगायचं होतं. म्हातारीकडे फार दिवस उरले नव्हते.

सव्वासातला तो शाळेत पोचला. आदल्याच दिवशी अमावस्या झालेली. आत वीज नाही. मोबाइलच्या उजेडात कपाट उघडलं, निकालाची वही सापडली. आतल्या सगळ्या पोरांची नावं होती, गुण होते. खाली शेवटची ओळ: 'बाहेरची मुलगी, एक. वेळेअभावी पाटी पाहिली नाही.'

नावसुद्धा नाही रे! बुद्धप्रियला रडू फुटलं.

दप्तरं उचलून, मोबाइल दिवा चालू ठेवूनच वरच्या खिशात खोचून तो बाहेर आला. पायरीखाली एक पोरगी उभी. आठ-नऊ वर्षांची. पाटी छातीशी धरलेली.

त्याला वाटलं, गावातलीच कुणाची तरी. दोन्ही हात भरलेले. सवयीनं बोलून गेला, "ठेव तिथं. बघतो."

तिनं पाटी पायरीवर ठेवली.

आणि मागं सरू लागली.

एक... दोन... तीन...

त्याच्या हातातली दप्तरं खाली पडली.

पाच... सहा... सात.

ती थांबली. मान खाली.

"अंबू...?"

त्यानं पाटी उचलली. गार, ओली माती लागलेली. तशी ती किंचाळली, "शिवू नगा, सायेब! मास्तर मारत्यात!"

"न्हाय मारत गं. मी आपल्यातलाच हाय. मायाप्पाचा पणतू. सोनूचा नातू."

"सोनू..." तिचा आवाज कापला. "लई रडत असंल ती. मला घरला जायचंय, सायेब."

तीन गणितं. तिन्ही बरोबर. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षर दिसेना. तो गुडघ्यावर बसला. पाटी दोन्ही हातांनी पुढं धरली. "हातात घे. पास झालीस. जा घरला."

मग बोटांना गार बोटं लागली. पाटी गेली. समोर काळोख.

घड्याळात पावणेआठ.

गाडी पळवत तो निपाणीला आला. आज्जीला सांगायचं होतं, या खेपेला खरं सांगायचं होतं. दारात माणसं जमलेली. त्याची बायको समता रडत म्हणाली, "पावणेआठला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, दार उघड गं, आक्का आली."

एवढा जन्मभराचा निरोप, आणि तो पोचवायला पोराला उशीर झाला. उंबऱ्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला.

आंघोळ घालताना समतानं म्हातारीची आवळलेली मूठ सोडवली. आत पाटीवरच्या पेन्सिलीचा नखाएवढा तुकडा होता. कुणी नुकताच तोंडातून काढावा, तसा ओला.

सोनुबाईनं जन्मात कधी पेन्सिल हातात धरली नव्हती.