गर्डरवरचं ओझं

तोंडवलीच्या घरातली मधली भिंत काढून पाहुण्यांना जेवायला एकच मोठी खोली करायची, हे तुळसाकाकीनं ठरवलं तेव्हा शेजारची किशोरी कुंपणावरून म्हणाली, "गो काकी, आधी ह्या जागेच्या राखणदार देवाक गाऱ्हाणा घाल. मगे भिंतीक हात लाव."

"माज्या घराची भिंत. मी कोणाक इचारू? तू सुनेक इचारून च्या पितंस, मी नाय."

चौथीत शाळा सुटलेली बाई. पण नवरा गेल्यावर घर आणि एकुलता एक सिद्धेश तिनं एकटीनं सांभाळला होता. तिच्यापुढे गावात कुणी दुसरा शब्द काढत नसे.

मालवणहून इंजिनियर लिओन आला. अंतर बारा फूट. वर कौलं, वासे आणि रिकामा माळा. त्यानं मोबाईलवर हिशोब केला. "आठ इंची गर्डर भरपूर झालो."

टेकू देऊन भिंत उतरवली, गर्डर चढला. दुसऱ्या दिवशी लिओननं त्याच्याखाली सूत ताणलं. गर्डर मधोमध बोटभर वाकला होता.

"काकी, माळ्यार काय ठेवलास?"

"तुजा डोक्या! जा, बघून ये."

तो वर गेला. धूळ होती, कोळिष्टकं होती. धुळीवर एकही पाऊल नव्हतं. उतरून त्यानं सूत पुन्हा ताणून पाहिलं.

दहा इंची गर्डर आला. तोही वाकला. त्याच्याखालून जाताना आता कानांना दडे बसत, खोल विहिरीत बुडी मारल्यासारखे. चिऱ्यांना ओला वास येई, आणि लोखंड मधूनच कण्हल्यासारखं वाजे. लिओननं वाकावरून उलटा हिशोब केला. पुन्हा केला.

"इतक्या वाकूक वर आणखी एक घर होया," तो म्हणाला. हसला मात्र नाही.

"मगे आणखी जाड आण," काकी म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

सिद्धेश नवा टेकू लावत असतानाच जुना फुटला. गर्डरचं एक टोक सुटलं आणि त्यानं सिद्धेशला कोपऱ्यात चिऱ्यांवर दाबून धरलं. छातीवर.

"आये..." एवढंच तो बोलू शकला.

लिओननं जॅक लावला. जॅकचा दांडा वाकला. आवाज ऐकून किशोरी दारात धावून आली. सिद्धेशचे ओठ काळे पडत होते.

तुळसाकाकी गुडघ्यांवर बसली. कुणापुढे न जोडलेले हात तिनं जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, चुकलंय मी! झिलाक माज्या सोड. जा काय ओझ्या वर आसा, ता माज्यार घाल!"

गाऱ्हाण्याला भोवतीच्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा असतो. लिओन वाकलेल्या दांड्याशीच झटत होता. किशोरीनं तोंडात पदर कोंबला होता.

होकार माळ्यावरून आला.

पुष्कळ गळ्यांचा.

गर्डर वर गेला. कुणी उचलला नाही.

सिद्धेश सुटला, खोकला, लहान मुलासारखा रडला. डोक्यावर गर्डर सुतासारखा सरळ होता.

काकी अजून गुडघ्यांवरच होती. सिद्धेशनं तिच्या काखेत हात घालून तिला उठवू पाहिलं. मग लिओननं हात लावला. मग किशोरीनंही.

"ऱ्हवांदे रे," ती खालच्या आवाजात म्हणाली. "बसांदे माका."

तिच्या गुडघ्यांखालच्या लादीला बारीक तडा गेला होता. तो हळूहळू लांबत होता.