पूरकाची लाट

राज्यातल्या कुठल्याही वीज उपकेंद्रात आता मोजलेला प्रवाह जसाच्या तसा कोणी पाहत नसे. पडद्यावर यायचा तो ‘पूरक’ नावाच्या संगणक-प्रणालीने दुरुस्त केलेला. चौकशी अधिकारी शकुंतला मेश्राम यांच्यासमोरच्या पडद्यावरची प्रवाहाची लाटही तशीच होती, संथ आणि गुळगुळीत. तिच्यावरून पाहिलं तर त्या दुपारी काहीच बिघडलं नव्हतं. तरीही ऑपरेटर देवाजी कुळमेथे यांनी हाताने वीज तोडली, अर्धं गाव बंद पडलं आणि घरी श्वासयंत्रावर असलेली एक बाई दगावली.

कुळमेथे एवढंच सांगत होते, "यार्डातून घुमल्यासारखा आवाज आला. थांबलो असतो तर स्फोट झाला असता." पण वीज वेळेत तुटली असल्याने जळल्याची खूणही कुठे नव्हती.

मेश्रामबाईंना त्या लाटेचाच संशय येऊ लागला. न्यायालयात उभी हयात गेलेली. कुठेच न अडखळणारी साक्ष त्यांना खटकायची.

त्यांनी पूरकाचे जनक डॉ. केळुसकर यांना बोलावलं. "मला समजेल असं सांगा."

"तारेतला प्रचंड प्रवाह थेट मोजणं अवघड. म्हणून लोखंडी गाभ्याचा एक ट्रान्सफॉर्मर त्याची छोटी प्रतिकृती देतो. पण प्रवाह अचानक उसळला की गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो. त्याला संपृक्ती म्हणतात. मग खरा प्रवाह वाढत असला तरी प्रतिकृती कोसळते. पूरक नेमकी ती जागा ओळखतो आणि लाट पुरी करतो."

"कशाच्या आधारावर?"

"आधीच्या हजारो नोंदींच्या."

"मग यात मोजलेलं किती आणि त्याने काढलेलं किती, ते दाखवा."

केळुसकरांनी लाटेला दोन रंग दिले. मोजलेला, सुरुवातीचा इवलासा तुकडा निळा झाला. बाकी सगळी लाट लाल.

"मूळ नोंद कुठे आहे?"

"ती चुकीचीच असते. ठेवत नाही."

"आणि असा बिघाड पूर्वी कधी झालाच नसेल तर?"

"तर पूरक त्यातल्या त्यात जवळच्या जुन्या प्रसंगासारखी लाट काढेल." केळुसकर जरा घुटमळले. "आणि त्यावरूनच राज्यातले सगळे पूरक पुढचं शिकतील."

म्हणजे त्या दुपारी काही झालंच नाही, हे एव्हाना राज्यातला प्रत्येक पूरक शिकून बसला होता. पुढच्या वेळी असाच बिघाड झाला तरी तो गप्पच राहणार होता.

मेश्रामबाईंनी कुळमेथेंना आत बोलावलं. "तो आवाज मला पुन्हा नीट सांगा. तुमच्याशिवाय आता दुसरा पुरावा उरलेला नाही."

कुळमेथे पडद्याकडे बघत राहिले. खात्याने, पोलिसांनी, वकिलांनी, सगळ्यांनी त्यांना हीच लाट दाखवली होती.

"खरं सांगू का मॅडम?" ते हळूच म्हणाले. "ही इतक्यांदा बघितली, की आता मलाच वाटतं, आवाज आलाच नसेल."