चौथा नाइट गार्ड

झोपताना दातांवर चढवायचे चार नाइट गार्ड. चारही एकाच जागी झिजून भोक पडलेले.

बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर, बायकोची उशी.

त्याच्या कामाच्या खोलीत, फळीवर पांढरी भुकटी. सकाळी पुसावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.

"सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या, आणि तुझ्या तर खरोखरच होतायत. रविवारपर्यंत हे दात खाणं थांबलं नाही तर मी ताईकडे चालले. कायमची," बायको म्हणाली.

कवळ्या आणि गार्ड बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. डॉक्टरांनी माप पाठवायचं, त्यात हा प्लॅस्टरचा जबडा ओतणार, आणि जबड्यावर गार्ड. केसाएवढा फरक पडला तरी गार्ड बसत नाही. स्वतःचे चारही त्याने फळीवरच्या आपल्या जबड्यावरच केले होते. पहिल्याच फटक्यात बसले. तरी झोपेत दात खाणं थांबेना. दात अजून शाबूत होते, पण सकाळी जबडा असा आखडे की चहा गिळवत नसे.

रविवारी दुपारी त्याने बायकोपुढे हात जोडले. "मी झोपतो. एकदाच शेजारी बस. ऐक. मग जा."

"जात्याशेजारी बसून काय ऐकायचं?" म्हणाली, पण बसली.

त्याला जाग आली तेव्हा ती बॅग घेऊन दारात उभी होती.

"दात वाजले?"

"वाजले." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "पण तू तर आ वासून झोपला होतास."

"मग आवाज कुठून?"

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. पलीकडे त्याची कामाची खोली.

फळीवर भुकटी होती. सकाळीच तर फळी पुसली होती.

त्याने आपला प्लॅस्टरचा जबडा उचलला. तळाला त्याच्या नावाची चिठ्ठी, एका कोपऱ्यातून सुटलेली. नखाने ओढली. खाली दुसरी, जुनी. तिच्यावर गुरुजींचं नाव.

गुरुजींनी त्याला काम शिकवलं होतं. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांचा जबडा त्याने आठवण म्हणून आणून आपल्या जबड्याशेजारी ठेवला. फळी आवरताना नव्या चिठ्ठ्या त्यानेच चिकटवल्या. गार्ड करताना या जबड्याच्या सुळ्याचा टवका उडालेला दिसला होता. प्लॅस्टर कुठेतरी आपटलं असेल, एवढंच त्याला वाटलं.

चारही गार्ड गुरुजींच्या जबड्यावर केलेले.

आणि चारही त्याला बसले होते.

त्याने जीभ आपल्या सुळ्यावर फिरवली.

तिथेच टवका उडालेला, कड जिभेला टोचली.

बाहेरचं दार लागलं.

गुरुजींच्या पत्नी चाळीस वर्षं आपल्या बहिणीकडे झोपायला जात.